खुंटीवरची एअर इंडिया

बदनापूरकडच्या आमच्या घरात दारामागच्या खुंटीला एक पिशवी लटकते. रेक्झिनची. कधीकाळी पांढरी असावी, आता चहाच्या गाळणीच्या रंगाची झालीय. एका अंगाला लाल इंग्रजी अक्षरांत एअर इंडिया आणि खाली धनुष्य ताणलेला, अर्धा माणूस अर्धा घोडा. चैन कधीच गेली, तोंड सुतळीनं बांधतात. आबांनी ती जालन्याच्या बाजारातून आणलेली, माझ्या जन्माच्या आधी. आबा जन्मात विमानात बसले नाहीत.

पण पिशवी मात्र ते कधी सोडायचे नाहीत. धोतर, फेटा आणि खांद्याला एअर इंडिया. आत दोन भाकरी, ठेचा, तंबाखूची चंची आणि बांधाच्या भांडणाचे कोर्टाचे कागद. एसटीत चढले की ओळखीचा कंडक्टर विचारायचा, "आबा, इमान कुठवर?" आबा शांतपणे सुटे पैसे मोजत म्हणायचे, "करमाडला उतरव."

तेव्हा असल्या पिशव्या कुठंही दिसायच्या. लग्नातल्या वाजंत्र्याच्या खांद्याला, दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या सायकलला. विमान कंपनी आपल्या प्रवाशांना खऱ्या पिशव्या द्यायची आणि बाजार तिची नक्कल उरलेल्या देशाला विकायचा. जाहिरातीचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

या कंपनीचा पहिला माल तरी कुठं मोठा होता? 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा पुस मॉथ नावाचं एक इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून निघाले, तेव्हा सोबत टपालाच्या थैल्या होत्या, सगळ्या मिळून साधारण 25 किलो. म्हणजे खताच्या गोणीच्या निम्मं. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं, ते म्हणे बैलगाडीतून आलं होतं. हे वाचलं तेव्हा मला त्या कंपनीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मुंबईत विमान उतरलं जुहूच्या मैदानात. पावसाळ्यात तिथं एवढा चिखल व्हायचा की सगळा कारभार पुण्याला हलवावा लागायचा. काळ्या रानात ज्याची बैलगाडी एकदा रुतलीय, त्याला ही अडचण समजावून सांगायची गरज नाही.

1946 ला टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि 8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' कैरो, जिनिव्हा करत मुंबईहून लंडनला गेली. देशाचं विमान पहिल्यांदा साता समुद्रापार. गंमत अशी, की त्या दिवशी आमचं गाव त्या देशात नव्हतंच. आमच्यावर निजाम होता, खिशात हाली रुपया होता आणि रात्री रझाकारांच्या भीतीनं बाया-पोरं रानात निजायची. 17 सप्टेंबरला हैदराबाद पडलं, तेव्हा कुठं आम्ही भारतात आलो. आबांना मी एकदा ही तारखांची गंमत सांगितली. ते म्हणाले, "तवा इमान लंडनला गेलं काय अन् काशीला गेलं काय, आमाला दिवस निघाला म्हंजी झालं."

निजामाच्या राज्याचीही स्वतःची विमान कंपनी होती, डेक्कन एअरवेज. ठाणं हैदराबादच्या बेगमपेठला. 1953 ला सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, तेव्हा देशातल्या देशात उडणाऱ्या आठ कंपन्यांची मोट बांधून इंडियन एअरलाइन्स केली, त्यात हीही गेली. परदेशी जायचं काम एअर इंडियाकडं राहिलं. आमच्या चिकलठाण्याला यायची ती इंडियन एअरलाइन्स. वेरूळ-अजिंठा बघणारे गोरे पाहुणे त्यातून उतरायचे, आणि आम्ही ज्वारीत उभं राहून खालून हात हलवायचो. वरून कुणी कधी हात हलवला का, कोण जाणे.

गावातला एक मिस्त्री कुवेतला होता. 1990 ला सद्दामनं कुवेत घेतलं आणि तो अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानानं परत आला. त्या दोन महिन्यांत लाखाहून जास्त माणसं अशी आणली गेली. हा अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. पारावर बसून सगळं सांगून झालं आणि त्याची नजर आबांच्या खांद्याकडं गेली. "आबा, तुमची पिशवी नकली हाय. इमानावर असं नसतंय लिव्हलेलं." नीट पाहिलं तर इंडियातला एक आय गायब होता. वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आबा म्हणाले, "एकदा इमानात बसला तं लई शाना झाला व्हय रं?" आणि पिशवी उलटी फिरवून खांद्याला अडकवली, नाव आतल्या बाजूला.

26 एप्रिल 1993 ला चिकलठाण्याहून मुंबईला उडणारं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर, कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. 55 माणसं गेली. कापूस बहुधा आमच्याच भागातला. आबा त्या रात्री जेवले नाहीत. वरून विमान गेलं की पुढं बरेच दिवस ते मान वर करायचे नाहीत.

बाकीचं लवकर सांगण्यासारखं आहे. 2007 ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. आमच्याकडं भावाभावांत वाटण्या झाल्या की घर मोडतं, इथं दोघं एका चुलीवर आले आणि कर्ज वाढत गेलं. शेवटी टाटांनी 18,000 कोटींची बोली लावली आणि 27 जानेवारी 2022 ला कंपनी परत त्यांच्या हाती गेली. वडिलांनी पेपर वाचून एवढंच विचारलं, "म्हंजी गहाण सुटलं का खरेदीखत झालं?" मला नीट सांगता आलं नाही.

गेल्या दिवाळीत मी आईसाठी नवी बॅग नेली, चांगली, चार कप्प्यांची. तिनं ती उघडून पाहिली, कप्पे मोजले आणि घडी घालून कपाटात ठेवली.

"अन् ती खुंटीवरली टाकून देऊ का?" मी विचारलं.

"टाकतो काहून?" आई म्हणाली. "सातबारा तिच्यातच हाय."