रिक्षात बसून पाहिलेलं गिंझा

आज लक्ष्मी रोडला रिक्षात तब्बल पंचवीस मिनिटं अडकले. कंटाळून मोबाईलवर तिसरा हिरोशिगे या चित्रकाराचं एक जुनं जपानी चित्र उघडलं. १८७४ सालचं, तीन कागद शेजारी शेजारी जोडून केलेलं लाकडी ठशांचं चित्र. विषय टोकियोतला गिंझाचा रस्ता, नव्या विटांच्या दुकानांचा.

झूम करत बसले. लाल रंग इतका भडक की जत्रेतल्या फुग्यांची आठवण व्हावी! दुतर्फा दुमजली इमारती, मधूनच फुललेली चेरीची झाडं, घोडागाड्या आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा. हो, रिक्षाच! हा शब्द मूळचा जपानी, 'जिनरिकिशा'. म्हणजे मी रिक्षात बसून रिक्षाच्या पूर्वजांची गर्दी पाहत होते.

१८७२च्या आगीत हा भाग जळून गेला, तेव्हा सरकारने वॉटर्स नावाच्या आयरिश माणसाकडून विटांचा बाजार आखून घेतला. चित्रात सगळं कसं झकपक. प्रत्यक्षात भिंतींना ओल, किंमत अव्वाच्या सव्वा, त्यामुळे बरीच दुकानं सुरुवातीला रिकामीच पडलेली. चित्रकाराने ओल काही दाखवली नाही. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तरी कुठे असते म्हणा!

ती चेरीची झाडंही तिथे टिकली नाहीत, पुढे त्यांच्या जागी विलो आले. १९२३च्या भूकंपात विटांचं गिंझाही गेलं.

"ताई, इथेच उतरता का? पुढे जाम आहे," रिक्षावाले काका म्हणाले. उतरले. साडीला फॉल लावायचा होता, ते दुकान मात्र बंद.