तुम्ही विचारलंत म्हणून: आण्णांच्या किडनीसाठी कुठलं ॲप वापरतो?

हा प्रश्न नातेवाईक विचारतात, लॅबबाहेर रांगेत बसलेली माणसं विचारतात, परवा तर शाळेतल्या मैत्रिणीने रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, अगं तुझ्या वडिलांना किडनीचा त्रास आहे ना, मग तुम्ही कुठलं ॲप वापरता, लिंक पाठव ना, सासूबाईंसाठी हवंय. लिंक पाठवायला कितीसा वेळ लागतो, पण नुसती लिंक पाठवायची मला भीती वाटते, का ते सांगते.

आण्णा 71 वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, आईसोबत विट्याला असतात आणि मी पुण्यात. शुगर वीस वर्षांची, बीपी तिच्या मागोमाग आलेलं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून काढून टाकायचा कचरा, 2.0 आलं तेव्हा आम्हाला वाटलं, दोनच तर आहे. डॉक्टरांनी त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढून दाखवला, तो 35. तेच 2.0 तिशीतल्या पुरुषाचं असतं तर 45 च्या आसपास आला असता, कारण त्या हिशोबात वयही धरतात. हा आकडा तीन महिन्यांच्या वर 60 च्या खाली राहिला की क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात, आण्णा तर एकदम स्टेज 3 बी मध्ये, म्हणजे पाचपैकी तिसऱ्या टप्प्याच्या पुढच्या अर्ध्यात.

मग मी हौसेने त्यांच्या फोनवर एक डाएट ॲप टाकलं. खाल्लेलं सगळं भरायचं आणि संध्याकाळी रंग बघायचा, हिरवा की लाल. मीठ रोज लाल. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत पाहिजे, आणि आमच्याकडे लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी नसेल तर ताट ताट वाटत नाही. ॲपने सुचवलं, लो सोडियम मीठ वापरा. मीच ते पुण्याहून पाठवलं. तीन आठवडे सगळं हिरवं, आई खूश, मी खूश, आणि पुढच्या रिपोर्टला पोटॅशियम 5.9, जे 5 च्या आसपास थांबायला हवं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, मीठ कुठलं वापरता? त्या मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते, आण्णांच्या किडनीला ते जमत नाही, त्यात बीपीची टेल्मिसार्टन चालू, तीही पोटॅशियम वाढवते. फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून लगेच ईसीजी काढला. आण्णा शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि मलाच विचारलं, तू जेवलीस का.

त्या ॲपमध्ये पोटॅशियमचा रकानाच नव्हता हो. ते वजन कमी करणाऱ्यांसाठी केलेलं, प्रोटीन वाढवा, तीन लिटर पाणी प्या, नारळपाणी घ्या, हे सगळं निरोगी माणसाला ठीक आहे, किडनीच्या पेशंटला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता फोनवर फक्त नोंदी ठेवायचं साधं ॲप आहे, सल्ला देणारं नाही. आण्णांनी ते वेबिलासारखं, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदासारखं धरलंय. ड्युटी संपली की वेबिल आणि बॅगेतले पैसे जुळल्याशिवाय डेपोतून निघता यायचं नाही, ती सवय अजून हातात आहे. सकाळी चहाच्या आधी खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग दोनदा बीपी घ्यायचं, ते आकडा मोठ्याने म्हणतात, आई तोच परत म्हणते, मगच फोनमध्ये भरतात. वजन, शुगर, पायाला सूज आहे का तेही. आणि घेतलेली प्रत्येक गोळी. एका मंगळवारी त्यांनी लिहिलं होतं, "गुडघा, गोळी 1". डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवून विचारलं तेव्हा कळलं की मेडिकलमधून आणून आण्णा अधूनमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घेतात, जी किडनीला चांगलीच महागात पडते. माझ्याशी रोज फोनवर बोलायचे, पण हे कधी बोलले नव्हते. त्या दिवशी ती गोळी बंद झाली.

खाण्याचं मात्र ॲपवर सोडलेलं नाही. डाएटिशियनने रिपोर्ट बघून कागदावर लिहून दिलंय, तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी आई ओतून देते, म्हणजे त्यातलं बरंच पोटॅशियम निघून जातं, हे कुठल्या ॲपला कसं कळणार?

म्हणून मी लिंकच्या आधी शेवटचा रिपोर्ट मागते आणि विचारते की भरलेल्या नोंदी बघणारा डॉक्टर आहे का. मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा रिपोर्ट पाठवला, पोटॅशियम 5.4. मी विचारलं, घरात मीठ कुठलं आहे गं? ती म्हणाली, तेच, बीपीला चांगलं म्हणून सहा महिन्यांपासून आणतोय. ते बंद करून गुरुवारी ती त्यांना डॉक्टरांकडे नेतेय, मिठाचं पाकीटही सोबत घेऊन जा म्हटलंय.