तळ राखायला शिकताना: माझा अनुभव

मी विमानांच्या इंजिनांवर काम करणारा. पण हवाई तळावर जमिनीवरून अचानक हल्ला झाला तर शस्त्र आम्हालाही उचलावं लागतं, म्हणून तळ-संरक्षणाचं प्रशिक्षण तंत्रज्ञांनाही सक्तीचं होतं. रायफल उघडणं-जोडणं, नेमबाजी, प्रथमोपचार हे त्यात आलंच.

खरं शिक्षण कुंपणापाशी सुरू झालं. धावपट्टीच काही किलोमीटरची, तिच्याभोवतीचं कुंपण त्याहून कितीतरी लांब. त्याच्या पावलापावलावर माणूस उभा करता येत नाही. शत्रूला उशीर लावायचा आणि तो आल्याची खबर द्यायची, एवढंच कुंपणाचं काम. उस्तादांनी आधी उजेडात, मग अंधारात आम्हाला त्याच्या कडेने फिरवलं. नाला खालून जातो तिथे, गवत माजलंय तिथे, दिव्याचा उजेड पोचत नाही तिथे थांबून ते विचारायचे, "तुला आत शिरायचं असतं तर कुठून शिरला असतास?"

वर्गात त्यांनी कॅम्प बॅस्टियन या तळावरचा हल्ला शिकवला. अफगाणिस्तानात 14 सप्टेंबर 2012 च्या रात्री 15 तालिबानी अमेरिकी गणवेश घालून, कुंपण कापून आत घुसले. सहा हॅरिअर विमानं जळाली आणि दोन अमेरिकी मरीन मारले गेले. गणवेशाची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. अंधारात धावत येणारा माणूस आपलाच गणवेश घालून आला, तर ओळखायचा कसा?

सरावाच्या रात्री त्याचं उत्तर मिळालं. भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या मोर्च्यात, म्हणजे लढायच्या जागी, जायचं आणि तिथून हलायचं नाही. ज्यांना हलायचंय ते फक्त क्यूआरटीचे, म्हणजे झटपट धावून जाणाऱ्या तुकडीचे, जवान, तेही आधी रेडिओवर कळवून. मग जो कळवल्याशिवाय हलतोय, त्याला थांबवून परवलीचा शब्द विचारायचा. प्रत्येक मोर्च्याच्या माऱ्याच्या डाव्या-उजव्या हद्दी दिवसाच खुंट्या ठोकून बांधलेल्या होत्या. पलीकडे इंधनाच्या टाक्या होत्या, आपली माणसं होती. शेजारी गोळीबाराचा आवाज होत असताना बोट ट्रिगरबाहेर ठेवून जागेवर बसून राहणं मला नेमबाजीपेक्षा फार कठीण गेलं, आणि माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य तेच.

सराव चालू असताना पंचांनी मुद्दाम आमचा रेडिओ बंद पाडला. त्यामागचं कारण आम्ही वर्गात शिकलो होतो. मे 1941 मध्ये क्रीट या ग्रीक बेटावर मालेमे धावपट्टीचं रक्षण करणाऱ्या न्यूझीलंडच्या बटालियनचा पुढच्या तुकड्यांशी संपर्क तुटला. त्या संपल्या असं समजून कमांडरने धावपट्टीवर नजर ठेवणारी टेकडी रात्रीत सोडली. सकाळी धावपट्टी जर्मनांच्या हाती होती. पुढे 1 फेब्रुवारी 1942 ला ब्रिटिशांनी हवाई तळांच्या रक्षणासाठी आपल्या हवाई दलाची आरएएफ रेजिमेंट उभी केली.

आम्ही फील्ड टेलिफोनची तार पकडली, एका जवानाला निरोप्या केलं आणि मोर्चा सोडला नाही. उजाडल्यावर झालेल्या चर्चेत आमचा मोर्चा टिकला, असं पंचांनी मान्य केलं. नाल्याकडच्या बाजूला मात्र दोघे आत शिरून हँगरपर्यंत पोचले होते. दुपारी तिथलं गवत कापायला आम्हीच गेलो. नाल्याच्या तोंडावर जाळी बसवण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी वर गेला.