तुम्ही विचारलंत म्हणून: बोरू, मोडी आणि एक ‘न’

“घरात एकट्याने जुनी मोडी लिपी गिरवत बसून तुम्हाला नेमके काय मिळते? त्यापेक्षा ध्यानाचा वर्ग का लावत नाही?” हा प्रश्न मला मंगळवार पेठेतल्या शेजाऱ्यांनी विचारला आहे आणि भाच्याने तर दर दिवाळीला विचारला आहे. ध्यानाच्या वर्गाला मी दोनदा गेलो होतो. डोळे मिटले की गॅस बंद केला होता की नाही, एवढाच विचार मनात येत असे.

मोडीत मनाला रिकामे करायचे नसते, त्याला काम द्यायचे असते. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण अक्षरे लिहून मग वर रेघ ओढतो; मोडीत आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा आखायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, अशी रीत आहे. काना खालून वर वळून रेषेला भिडतो आणि तिथूनच पुढचे अक्षर सुरू होते. मन मध्येच बाजारात गेले, तर ते लगेच वळणात दिसते. कोणी सांगावे लागत नाही. चार शब्दांनंतर शाई संपते आणि बोरू दौतीत बुडवावा लागतो, तेवढाच काय तो विसावा. (बोरू तासायला मला अजूनही नीट जमत नाही, हे मात्र खरे.)

वाचन त्याहून कठीण आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यामुळे वर्तमानपत्रासारखी नजर फिरवून चालत नाही. करवीर संस्थानाची मोडी दफ्तरे सांभाळणारे पुराभिलेखागार आपल्याच गावात, कोल्हापुरात आहे. पण माझी खरी शिकवणी झाली ती आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या एका कागदावर.

तो कागद पणजोबांनी भाऊबंदांशी केलेल्या कराराचा होता. आमच्या शेतातल्या विहिरीचे पाणी पणजोबा कोणालाही नाही म्हणत नसत, असे आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगितले जाई, आणि मीही पहिल्या वाचनात ‘विहिरीचे पाणी देणे’ असेच वाचून सर्वांना फोन केले. पुढे पावसाळ्यात, बाहेर संततधार लागलेली असताना, तोच मजकूर अक्षर न अक्षर बोरूने उतरवायला घेतला. वाचताना डोळ्यांनी जे गाळले होते, ते हाताला गाळता येईना. ‘पाणीनदेणे’ अशी ती सलग ओळ होती, आणि मधला ‘न’ मी आपल्या सोयीने गिळला होता.

रागावर किंवा निद्रानाशावर मोडीचा उपाय चालतो, असा दावा मी करणार नाही. त्या रात्री मला उलट झोपच लागली नाही. पण जे आहे ते वाचणे आणि जे असावेसे वाटते ते वाचणे यांत किती बारीक अंतर असते, ते मला कोणत्याही वर्गात इतके स्पष्ट कळले नव्हते.

घरच्यांना मी अजून पुन्हा फोन केलेला नाही. उतरवलेली प्रत टेबलावरच आहे, आणि तिच्यातल्या त्या ‘न’पाशी शाई जरा जास्त साचलेली दिसते.