तुम्ही विचारलंत म्हणून: हँडलच्या कडेने पाणी का गळतं?

एस्प्रेसो मशीनबद्दल सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: शॉट चालू असताना, म्हणजे कॉफी निघत असताना, पोर्टाफिल्टरच्या (कॉफीची पूड भरून मशीनला लावायच्या हँडलच्या) कडेने पाणी येतं, म्हणजे पंप गेला का? नाही. पंप कमजोर झाला तर दाब उतरतो, धार बारीक होते. कडेने पाणी फुटतंय म्हणजे दाब आहे, पण तो अडवणारं ग्रुपमधलं (हँडल बसतं त्या भागातलं) रबरी गॅस्केट, म्हणजे सील, तरी कडक झालंय, नाहीतर त्यावर कॉफीचा चुरा बसलाय.

आधी चुरा बघा. बास्केटची (हँडलमधल्या पूड भरायच्या जाळीदार वाटीची) कड पुसा, ग्रुपच्या खाचेत ब्रश फिरवा आणि पुन्हा शॉट काढा. बास्केटमध्ये पूड जास्त भरली किंवा फार बारीक दळली तरी दाब वाढून कमजोर गॅस्केटमधून पाणी निसटतं.

त्यानंतर हँडल कुठे थांबतं ते पाहा. गॅस्केट चांगलं असेल तर ते साधारण समोर येऊन घट्ट होतं. महिन्यागणिक उजवीकडे सरकत असेल तर रबर दबलंय. अशा वेळी जोर लावून आवळू नका, कृपया. गळती चार दिवस थांबेल, पण पोर्टाफिल्टरचे ग्रुपमध्ये अडकणारे कान आणि ग्रुपच्या खाचा झिजतील. गॅस्केट स्वस्त असतं, ग्रुप नाही.

बदलताना प्लग काढा आणि मशीन पूर्ण गार होऊ द्या. बऱ्याच मशीनमध्ये शॉवर स्क्रीन (पुडीवर पाणी पसरवणारी जाळी) मधल्या स्क्रूवर असते, ती आधी काढा. ई६१ या प्रकारच्या ग्रुपमध्ये स्क्रूच नसतो. स्क्रीन आणि गॅस्केट एकत्र दाबून बसवलेली असतात, चपट्या स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने उचकटावी लागतात. उष्णतेने जुनं रबर प्लास्टिकसारखं कडक होतं आणि तुकड्यांत निघतं. त्यात लाकडात बसवायचा बारीक स्क्रू थोडासा फिरवून पकडीने ओढा. टोक पितळेला लागू देऊ नका, तिथे ओरखडा पडला तर नवीन गॅस्केटही गळेल. खाचेतला काळा थर नायलॉनच्या ब्रशने पूर्ण काढा. नवीन गॅस्केट लगेच गळायला लागतं ते बहुतेक वेळा या राहिलेल्या थरामुळेच.

ई६१ मध्ये गॅस्केटची उतरती कड वर, ग्रुपच्या आत, आणि सपाट बाजू खाली. नवीन रबर गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवलं की नरम पडतं. स्क्रीन त्यात बसवा, दोन्ही हाताने वर दाबा, मग बास्केट काढलेला पोर्टाफिल्टर लावून हळूहळू आवळत जा. गॅस्केट सगळीकडून सारखं आत गेलं पाहिजे. सिलिकॉनचं मिळालं तर तेच घ्या, ते नेहमीच्या रबरापेक्षा उशिरा कडक होतं.

नवीन गॅस्केटवर हँडल मधल्या रेषेच्या थोडं डावीकडेच थांबेल. ते बरोबर आहे, काही दिवसांत समोर येतं. पहिल्याच दिवशी ते उजवीकडे जात असेल तर जाडी कमी पडतेय: ई६१ मध्ये ८ मिमीऐवजी ८.५ मिमीचं बसवा.