निळ्या उजेडातली कड

पेडण्यात माझा दातांचा दवाखाना आहे. जत्रांचा हंगाम तोंडावर असताना एक दशावतारी कलाकार आले. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे, पन्नाशी ओलांडलेले. तक्रार दाढेची: तिची तुटकी कड गालाला बोचत होती. तंबाखू-चुना वर्षानुवर्षांचा. दाढ बघताना जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा दिसला. कापसाने पुसला, निघेना.

खोलीतले दिवे मालवून निळा प्रकाश टाकला. ४०० ते ४६० नॅनोमीटरच्या या प्रकाशात तोंडातलं निरोगी अस्तर फिकट हिरवं चमकतं. ही चमक पेशींमधल्या काही द्रव्यांची आणि अस्तराखालच्या कोलॅजनची. पेशी बिघडू लागल्या की चमक जाते, जागा काळपट दिसते.

काळे डाग दोन दिसले. गालावरच्या डागावर काचपट्टी दाबली. तिथलं रक्त बाजूला सरलं आणि हिरवा रंग परतला. म्हणजे नुसती सूज. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषतं, त्यामुळे साधी जखमही काळीच दिसते. जिभेवरचा डाग मात्र दाबूनही हलला नाही. शिवाय तो पांढऱ्या चट्ट्यापुरता नव्हता. मागच्या, एरवी छान गुलाबी वाटणाऱ्या भागात तो बराच पसरला होता.

यंत्र विकणाऱ्याने हा ‘कॅन्सर दाखवणारा दिवा’ म्हणून गळ्यात मारला होता. तसं काही नसतं. तुकडा कुठून काढावा एवढंच तो सुचवतो. निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. पण ते ‘कुठून’च इथे मोलाचं ठरलं.

“जत्रेचे खेळ ठरलेत, डॉक्टर. मागीर बघूया,” ते म्हणाले. मी साध्या आणि निळ्या प्रकाशातले फोटो शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, “बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलची चिठ्ठी द्या.”

तिथे मी सुचवल्याप्रमाणे दोन ठिकाणचे तुकडे काढले. पांढऱ्या चट्ट्यात सौम्य डिसप्लेझिया, म्हणजे पेशींचा कॅन्सरपूर्व बिघाड. मागच्या गुलाबी भागात तीव्र, कॅन्सरच्या अगदी अलीकडचा. फक्त पांढरा भाग तपासला असता तर सगळेच निश्चिंत झालो असतो. पुढे जिभेची तेवढी कड काढून टाकली.

तंबाखू सुटली. तपासणीला येतात तेव्हा निळा दिवा लावायची आठवण तेच करतात. ‘स’ अजून जरा घसरतो. पण दशावतारात संवाद जागच्या जागी रचायचे असतात, त्यामुळे त्यांचा राजा आता ‘सेनापती, सैन्य सज्ज करा’ म्हणत नाही. ‘प्रधानजी, फौज काढा’ म्हणतो.