स्वीडिश वाचन-वही, टप्पा ४: अर्थाचा रकाना मराठीत

सध्याची स्थिती: युहान रुंदबेर्य यांचं ‘नत्तकोर्पेन’, एलेन स्त्रोमबेर्य यांचं ‘वी स्का यू बारा सिक्ला फर्बी’ आणि आंद्रेव्ह वाल्देन यांचं ‘येव्ला कारर’ वाचून पूर्ण. ईआ येनबेर्य यांचं ‘देताल्येणा’ चारपैकी तिसऱ्या प्रकरणात. लीसा रिद्सेन यांचं ‘त्रानुणा फ्लीगेर सोदेरूत’ नुकतंच सुरू. पहिली दोन पुस्तकं बाल-कुमार गटातल्या स्वीडनच्या ‘ऑगस्ट’ साहित्य-पुरस्काराची (२०२१ आणि २०२२), तर ‘देताल्येणा’ (२०२२) आणि ‘येव्ला कारर’ (२०२३) ललित गटातली.

या टप्प्याचा नियम एकच: कोश कोणताही वापरा, वहीत अर्थ मात्र मराठीतच लिहायचा. इंग्रजी मधे आली की स्वीडिशमधलं बरंच काही गळून पडतं. नात्यांचे शब्द बघा. मुस्तेर म्हणजे मावशी, फास्तेर म्हणजे आत्या, मुरब्रूर मामा, फारब्रूर काका. आईची आई मुरमुर, वडिलांची आई फारमुर. इथे उलट मराठीलाच ‘आईकडची आजी’ असं फोडून सांगावं लागतं. फारब्रूर हा शब्द आपल्या ‘काका’सारखाच अनोळखी वडीलधाऱ्या माणसालाही लागतो. एक जागा फसवी आहे: ब्रूरसून म्हणजे भावाचा मुलगा, मग बोलणारी व्यक्ती बाई असो वा पुरुष. मराठीत पुरुषासाठी तो पुतण्या आणि बाईसाठी भाचा. म्हणून निवेदक कोण आहे हे पाहिल्याशिवाय वहीत अर्थ लिहू नये.

दुसरी गळती ‘यू’, ‘वेल’, ‘नूग’ या चिमुकल्या शब्दांची. स्त्रोमबेर्य यांच्या शीर्षकातला ‘यू’ म्हणजे आपला ‘ना’: ‘आपण नुसतं सायकलवरून समोरून जाणार आहोत ना’. ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक आहे, असं तो ‘यू’ सांगतो. ‘नूग’ला ‘बहुतेक’ चालतं. ‘हान लेर व्हारा शूक’ हे तर ‘तो आजारी आहे म्हणे’ असं तंतोतंत बसतं. कुमारांच्या पुस्तकात संवाद जास्त, म्हणून हे शब्दही पानोपानी येतात. ते गाळून वाचलं तर कथा कळते, पण कोण कोणाची समजूत घालतंय ते कळत नाही.

उच्चारात मराठी वाचकाच्या पदरी आयतं दान पडलं आहे. स्टॉकहोमकडच्या स्वीडिशमध्ये ‘र’पुढे त, द, न, ल, स आले की दोन्ही मिळून मूर्धन्य ध्वनी होतो, म्हणजे आपल्या ट, ड, ण, ळ, ष यांच्यासारखा. मूल म्हणजे ‘बार्न’ असं लिहितात, म्हणताना ‘बाण’. टेबल लिहिताना ‘बूर्द’, म्हणताना ‘बूड’. कार्ल हे नाव ‘काळ’ असं ऐकू येतं. पण पुरुष या अर्थाच्या ‘कार्ल’मधला ल मुका असतो, म्हणून वर ‘कारर’ लिहिलं आहे. दक्षिणेकडच्या स्कोने भागात र घशातून येतो, त्यामुळे हा बदल होत नाही. फिनलंडच्या स्वीडिशमध्येही तो सहसा नसतो. स्त्रोमबेर्य तिकडच्याच. तिकडच्या पुस्तकात ‘सेम्ला’ म्हणजे साधा पाव असू शकतो. स्वीडनमध्ये तो मलई भरलेला गोड पाव.

पुस्तक निवडताना लिक्स काढावा. ही कार्ल-हूगो ब्योर्नसॉन यांनी १९६८ मध्ये मांडलेली मोजपट्टी. साधारण १०० शब्दांचा सलग उतारा घ्यायचा, शेवटचं वाक्य तोडायचं नाही. शब्दसंख्येला वाक्यसंख्येने भागायचं आणि सहापेक्षा जास्त अक्षरांच्या शब्दांची टक्केवारी त्यात मिळवायची. १०० शब्द, ८ वाक्यं, १८ लांब शब्द असतील तर १२.५ + १८ = ३०.५. तिशीच्या आत मुलांची पुस्तकं, चाळिशीच्या आत बहुतेक कथा-कादंबऱ्या. एकाच पानावर विसंबू नये. सुरुवात, मध्य आणि शेवटाकडचं अशी तीन पानं मोजून सरासरी काढावी.

लिक्स चुकतो तो जोडक्रियापदांत. सगळे शब्द आखूड, त्यामुळे आकडा खाली येतो आणि वाचक अडखळतो. ‘तिका’ म्हणजे वाटणं, ‘तिका ओम’ म्हणजे आवडणं. ‘हेल्सा पो’मध्ये जोर ‘पो’वर पडला तर भेटायला जाणं, ‘हेल्सा’वर पडला तर अभिवादन करणं. छापील पानावर जोर दिसत नाही, म्हणून अशी वाक्यं श्राव्य आवृत्तीत ऐकून घ्यावीत. ‘होला पो’ म्हणजे एखादं काम चालू असणं, पण ‘होन होल पो अत रामला’ म्हणजे ती पडता पडता वाचली. वहीत क्रियापद सुटं लिहू नये, शेपटीसकट लिहावं.

‘नत्तकोर्पेन’ १८८० च्या स्टॉकहोममध्ये घडतं आणि अनाथालयातली बारा वर्षांची मीका त्याची नायिका आहे. जुन्या वस्तूंची नावं पहिल्या काही प्रकरणांतच येऊन जातात. तेवढी यादी केली की पुढे कोश क्वचित लागतो. ‘येव्ला कारर’मध्ये मुलाला सात वर्षांत सात बाप मिळतात. ‘प्लास्टपप्पा’चा अर्थ शब्दशः लावू नका, तो सावत्र बाप.

‘देताल्येणा’चा वेग सगळ्यात कमी. वाक्यं स्वल्पविरामांवरून लांबत जातात आणि मुख्य वाक्य कुठे परत सुरू झालं ते हरवतं. उपाय ‘इंते’कडे बघण्याचा. मुख्य वाक्यात ‘होन विले इंते’, म्हणजे नकार क्रियापदानंतर. गौण वाक्यात ‘अत होन इंते विले’, म्हणजे नकार आधी. ‘तिला नको होतं’ आणि ‘की तिला नको होतं’ या दोन्हींत मराठीचा क्रम बदलत नाही, म्हणून आपली नजर इथे सराईतपणे पुढे सरकते. असं वाक्य आलं की ‘इंते’खाली पेन्सिलने रेघ मारायची.

‘त्रानुणा’त म्हाताऱ्या बूच्या घरी येणाऱ्या मदतनिसांच्या छोट्या नोंदी मधे मधे येतात. वाक्यं तुटक, कर्ता बऱ्याचदा गाळलेला. पुढच्या आठवड्यात प्रत्येक भागातली नोंद आधी वाचायची आणि मग बूचं निवेदन. जेवण, औषध, आंघोळ, कुत्रा हे शब्द नोंदीतच भेटतात, आणि तेच पुढे निवेदनात लांब वाक्यांमधून परत येतात.